टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर

चाळिशीतला धडधाकट माणूस. वार्षिक तपासणीच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.८. साधारणपणे हा आकडा साडेतीन ते पाचच्या आसपास असतो. ६.८ खरा असेल तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून डॉक्टर तातडीने ईसीजी काढायला सांगतात. ईसीजी अगदी नीट येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं जातं आणि पोटॅशियम निघतं ४.३. घरचे म्हणतात, त्या लॅबचं मशीन बिघडलंय.

मशीन बहुतेक वेळा निर्दोष असतं. प्रयोगशाळेतल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधी झालेल्या असतात, हे जगभरातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यातल्या पुष्कळ चुका रक्त काढणाऱ्याच्या हातून, त्या चार-पाच मिनिटांत होतात. त्यामुळे ‘हात हलका आहे’ एवढ्यावरून रक्त काढणाऱ्याला चांगलं म्हणू नये. हलका हात म्हणजे दुखलं नाही, इतकंच. रक्त सुरक्षितपणे काढणं म्हणजे रुग्णाला इजा नाही, स्वतःला इजा नाही आणि बल्बमध्ये (म्हणजे सॅम्पलच्या नळीत) गेलेलं रक्त शरीरातल्या रक्तासारखंच राहिलं. या तिन्ही गोष्टी एकदम साधायच्या असतात.

सुरुवात सुईपासून नाही, नावापासून होते. “आपणच सुनंदा पाटील ना?” हा प्रश्न चुकीचा. कमी ऐकू येणाऱ्या आजी, तापाने ग्लानीत असलेला माणूस किंवा लवकर सुटका व्हावी असं वाटणारा कुणीही त्याला ‘हो’ म्हणून टाकतो. प्रश्न असा हवा: “तुमचं पूर्ण नाव सांगा, आणि वय किंवा जन्मतारीख.” उत्तर रुग्णाच्या तोंडून यायला हवं आणि ते चिठ्ठीशी ताडून पाहायला हवं. वॉर्डात दोन सुनंदा पाटील असणं आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालण्याची आपली पद्धत इथे उपयोगी पडते, पण ते नाव उच्चारून घेतलं तरच.

मग दोन-चार चौकशा. उपाशीपोटी आहात का? इथे ‘चहा घेतलाय, पण बिनसाखरेचा’ हे उत्तर हमखास मिळतं. बिनसाखरेच्या चहातही दूध असतं, आणि उपाशीपोटी म्हणजे आठ तास साध्या पाण्याशिवाय काही नाही. पाणी मात्र जरूर प्यावं. रात्रभर पाणीही न प्यायलेल्या माणसाची शीर शोधणं अवघड जातं आणि त्रास त्यालाच होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असेल तर ती कुठल्या बाजूची? डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (धमनीला जोडलेली शीर) केलेला आहे का? शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात टाळायचा, आणि फिस्टुलाच्या हाताला तर हातच लावायचा नाही. त्या माणसाचं जगणं त्या शिरेवर चाललेलं असतं. एका हाताला सलाईन चालू असेल तर रक्त दुसऱ्या हातातून घ्यायचं, नाहीतर रिपोर्टमध्ये सलाईनचीच तपासणी होऊन येते.

शेवटची चौकशी: पूर्वी कधी रक्त देताना चक्कर आली होती का? उत्तर ‘हो’ असेल तर आडवं झोपवूनच रक्त घ्यावं. एरवीही रुग्ण पाठ टेकून, हाताला आधार मिळेल असा बसलेला हवा. उंच स्टुलावर किंवा उभ्या माणसाचं रक्त कधीच काढू नये. सुई पाहून किंवा नुसत्या कल्पनेने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. मिशीवाले पैलवानही याला अपवाद नाहीत. घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, जांभया यायला लागल्या की दंडाला बांधलेला पट्टा सोडून सुई काढायची, आडवं करायचं, पाय उंच करायचे. दोन-तीन मिनिटांत रंग परत येतो. अशा वेळी तोंडात पाणी किंवा साखर कोंबू नये, पूर्ण शुद्धीवर आल्यावर द्यावी.

आता शीर. कोपराच्या पुढच्या खळग्यात तीन शिरा कामाच्या असतात. मधली सगळ्यात भरवशाची, कारण ती मोठी, वरच्यावर आणि बऱ्यापैकी जागेवर बांधलेली असते. अंगठ्याच्या बाजूची दुसऱ्या क्रमांकाची. जाड हातात पुष्कळदा तीच सापडते. करंगळीच्या बाजूची, म्हणजे आतल्या अंगाची, दिसायला ठळक असली तरी शेवटचा पर्याय. तिच्या शेजारून दंडाची धमनी आणि एक मोठा चेतातंतू जातो. सुई थोडी खोल गेली की त्यांना लागण्याचा धोका असतो. नवशिके नेमके हिच्यावरच भाळतात, कारण ती दिसते.

शीर डोळ्याने शोधायची नसते, बोटाने शोधायची असते. तर्जनीच्या टोकाने दाबलं की चांगली शीर ताणलेल्या रबरी नळीसारखी दबते आणि परत उसळते. दबत नसेल, कडक दोरीगत लागत असेल तर ती पूर्वीच्या सुयांनी निकामी झालेली आहे. ठोके लागत असतील तर ती धमनी आहे, सोडून द्या. निळी रेघ नुसती दिसते आणि बोटाला काहीच लागत नाही, तेव्हा ती बहुधा कातडीलगतची बारीक शीर असते. सुई लागताच फुटून निळं पडतं. शीर सापडत नसेल तर हात खाली लोंबू द्यावा, कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल चार-पाच मिनिटं गुंडाळावा. चापट्या मारण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी पाहतात, तिथून रक्त घेऊ नये, आणि पायातून तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच नाही. मधुमेह असेल तर पायाची छोटी जखमही महागात पडते.

पट्टा बांधायचा तो टोचण्याच्या जागेपासून चार बोटं वर. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी पातळ असते, तिथे बाहीवरूनच बांधावा. आता घड्याळाकडे लक्ष. पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त राहता कामा नये. शिरेतला दाब वाढला की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि मागे राहिलेल्या पेशी, प्रथिनं, प्रथिनांना चिकटलेलं कॅल्शियम हे सगळं दाट होतं. शीर शोधण्यातच मिनिट गेलं असेल तर पट्टा सोडावा, दोनेक मिनिटं थांबावं आणि पुन्हा बांधावा. घाईच्या सकाळी हे कुणी करत नाही. करायला हवं.

आणि मुठीची ती जुनी सवय: “मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा.” पट्टा बांधलेला असताना स्नायू असे कामाला लावले की त्यांच्यातून पोटॅशियम रक्तात उतरतं. सुरुवातीला सांगितलेल्या ६.८ आकड्याचं हे एक कारण असू शकतं. मूठ एकदा हलकेच मिटून ठेवायला सांगायचं, बस्स.

कातडी पुसायची ती ७० टक्के अल्कोहोलने. ते ९५ टक्के घेतलं तर जास्त चांगलं असं वाटतं, पण जंतूंची प्रथिनं गोठवायला थोडं पाणी लागतं, म्हणून सत्तरच बरं. अर्धं मिनिट नीट पुसायचं आणि मग अर्धं मिनिट हवेवर सुकू द्यायचं. फुंकर मारायची नाही, रुमालाने टिपायचं नाही. ओल्या स्पिरिटवर सुई घातली तर जळजळतं, आणि स्पिरिट सुईबरोबर आत गेलं तर लाल पेशी फुटतात. पुसून झाल्यावर पुन्हा बोट लावून शीर चाचपायची नाही. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिला चूक म्हणायलाच लोक विसरलेत. कित्येक दवाखान्यांत टेबलावर स्टीलची डबी असते, तिच्यात सकाळी भिजवून ठेवलेले बोळे दिवसभर वापरतात. दर वेळी बोटं आत जातात, झाकण उघडं राहतं, स्पिरिट उडून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने हे करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. बोळा लागेल तेव्हाच भिजवावा किंवा बंद पाकिटातला वापरावा. हातमोजेही दर रुग्णाला नवे.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. मोठ्या माणसाला हिरव्या टोपीची २१ किंवा काळ्या टोपीची २२ योग्य. निळी २३ नाजूक शिरांना. त्याहून बारीक सुईने दुखत कमी असेल, पण पेशी त्या अरुंद वाटेतून ओढल्या जाताना फुटण्याची भीती वाढते.

शिरेच्या खाली दोन इंच अंगठा ठेवून कातडी खाली ताणायची. यामुळे शीर निसटत नाही. म्हाताऱ्यांच्या शिरा तर हमखास बाजूला पळतात. दोन बोटांनी वर-खाली दोन्हीकडे ताणणारे लोक आहेत. त्यात वरचं बोट सुईच्या वाटेत येतं, ते टाळावं. सुईचं तिरकं कापलेलं तोंड वर, कोन ३० अंशांपेक्षा कमी, आणि एकाच सलग हालचालीत आत. भीत भीत, थांबत थांबत घातलेली सुईच जास्त दुखते. रुग्णाला आधी सांगायचं, “आता टोचतोय.” ‘दुखणार नाही’ असं सांगू नये, लहान मुलांना तर नाहीच. ते खोटं असतं, आणि पुढच्या वेळी मूल विश्वास ठेवत नाही.

रक्त आलं नाही तर? सुई किंचित पुढे किंवा किंचित मागे, एवढीच मुभा. आत घातलेली सुई डावी-उजवीकडे फिरवून शोधाशोध करायची नाही. चेतातंतूला लागलं तर रुग्ण “करंट बसला” म्हणतो, कळ बोटांपर्यंत जाते. त्या क्षणी सुई बाहेर, दुसरा विचार नाही. रक्त लालभडक आणि उसळत आलं तर धमनीत गेलीये. सुई काढून निदान पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. टोचल्या जागी फुगवटा येऊ लागला तरी तेच: पट्टा सोडा, सुई काढा, दाबा. दोन प्रयत्न फसले की तिसरा दुसऱ्या सहकाऱ्याने करावा. यात कमीपणा नाही. शीर सापडत नसताना हट्टाने चार ठिकाणी टोचणाऱ्याला मी कुशल म्हणणार नाही.

सिरिंज वापरत असाल तर दट्ट्या सावकाश ओढा. जोरात ओढला की शीर आतल्या आत मिटते आणि पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. त्या फुटल्या की ते सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवात, मिसळतं आणि सीरम गुलाबी दिसतं. लॅबमध्ये याला ‘हिमोलाइज झालं’ म्हणतात. मग पोटॅशियमच नाही, यकृताच्या एन्झाइमपैकी एसजीओटीचा आकडाही खोटा वाढतो. भरलेल्या सिरिंजमधून बल्बमध्ये रक्त सोडताना सुई काढून, बल्बच्या भिंतीवरून हळूच सोडावं. पिचकारी मारू नये.

हल्ली बऱ्याच ठिकाणी व्हॅक्युटेनर असतो. आत पोकळी ठेवलेली ही नळी जोसेफ क्लायनर या अमेरिकी माणसाने १९४० च्या दशकात बनवली. त्याआधी काचेच्या सिरिंजा उकळून, सुया दगडावर घासून पुन्हा धारदार करून वापरायचे. आपल्याकडच्या कंपाउंडरांच्या टेबलावरचं ते उकळतं भांडं अजून कित्येकांना आठवत असेल. अर्धवट उकळलेल्या सुयांनी कावीळ एका घरातून दुसऱ्या घरात नेल्याचा इतिहासही तितकाच खरा आहे. व्हॅक्युटेनरमध्ये रक्त नेमकं लागेल तेवढंच ओढलं जातं आणि हाताला लागत नाही.

आता बल्बचा क्रम. झाकणांचे रंग शोभेसाठी नसतात, प्रत्येकात वेगळं रसायन असतं. रक्तातले जंतू वाढवून पाहायची बाटली असेल तर ती सगळ्यात आधी. मग फिक्या निळ्या झाकणाचा, सायट्रेटचा, रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी. मग लाल किंवा पिवळा, ज्यातून सीरम मिळतं. मग हिरवा हेपॅरिनचा, मग जांभळा ईडीटीएचा, जो हिमोग्लोबिन-सीबीसीला लागतो, आणि शेवटी साखरेचा राखाडी फ्लोराइडचा. क्रम उलटला तर एका बल्बमधलं रसायन सुईच्या टोकावरून पुढच्यात जातं. जांभळ्या बल्बमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ असतं. ते चुकून सीरमच्या बल्बमध्ये शिरलं की पोटॅशियम वर जातं आणि कॅल्शियम खाली येतं, कारण ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं. काही जण तर जांभळ्यात जास्त झालेलं रक्त लालमध्ये ओततात. हे पाहिलं की हात धरून थांबवावं.

निळा बल्ब खुणेपर्यंत भरलाच पाहिजे. त्यात एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त असं प्रमाण ठरलेलं असतं. अर्धा भरला तर रक्त गोठायला उशीर लागतो असं दिसतं, आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्या माणसाचा डोस उगाच कमी केला जातो. रसायन असलेले बल्ब भरल्यावर हलवायचे नसतात, उलटे-सुलटे करायचे असतात: निळा तीन-चार वेळा, जांभळा आठ-दहा वेळा. झटके दिले की पुन्हा पेशी फुटतात. फ्लोराइडचं कामही लक्षात घ्यावं. साध्या बल्बमध्ये रक्त ठेवलं तर त्यातल्या पेशी आपल्या भुकेसाठी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्क्यांपर्यंत. घरी येऊन सकाळी सातला घेतलेलं सॅम्पल दहा वाजता लॅबमध्ये पोचत असेल, तर साखरेचा आकडा कमी येण्याचं कारण इथे असू शकतं.

रक्त यायला लागलं की पट्टा सोडायचा, निदान सुई काढण्याच्या आधी तरी नक्की. कोरडा कापूस जागेवर हलका धरायचा, सुई बाहेर काढायची आणि मगच दाबायचं. सुई आत असताना दाबलं तर ती शिरेला कापते. रुग्णाने हात सरळ ठेवून तीनेक मिनिटं दाबायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्याहून जास्त. कोपर दुमडून बसायची पद्धत चुकीची आहे; हात उघडला की शिरेचं तोंडही उघडतं आणि दुसऱ्या दिवशी मोठा निळा डाग दिसतो.

नाव-नंबराचं लेबल रुग्णासमोर, तो उठून जायच्या आधी लावायचं. रिकाम्या बल्बवर आधीच लेबलं लावून रांगेत मांडून ठेवणं घातक, कारण भलत्याच्या बल्बमध्ये भलत्याचं रक्त तिथेच जातं. रुग्णांनो, तुम्हीही बल्बवरचं नाव वाचायला मागा. चांगला तंत्रज्ञ रागावत नाही.

बाळांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात साधारण २४० मिलिलिटरच रक्त असतं. मोठ्यांकडून घेतो तसे सहज दहा मिलिलिटर घेतले तर ते थोडके नाहीत. म्हणून बाळाचं रक्त शक्यतो टाचेतून, तळव्याच्या दोन्ही कडांना टोचून, थेंबाथेंबाने घेतात. पहिला थेंब पुसून टाकायचा आणि टाच पिळायची नाही, नाहीतर रक्तात उतीतलं पाणी मिसळतं.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. वापरलेल्या सुईवर टोपी परत चढवायची नाही. नेमक्या त्याच क्षणी सुई दुसऱ्या हाताच्या बोटात शिरते. सुई लगेच, हाताच्या अंतरावर ठेवलेल्या निडल कटरमध्ये किंवा पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात. प्लॅस्टिकची सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, काच निळ्या खोक्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. सुई पिशवीत टाकली तर ती उद्या सफाई करणाऱ्या मावशींच्या हाताला लागते.

तरीही टोचलंच तर साबण-पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच ओतू नका. लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई लागली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, आणि औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ती २८ दिवस घ्यावी लागतात आणि सरकारी रुग्णालयात मिळतात. हिपॅटायटिस बीचं मात्र वेगळं आहे. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाच्या सुईने लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. त्या लसीचे तीन डोस असतात: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणं ही त्याच नियमांनुसार संस्थेच्या मालकाची जबाबदारी आहे. लॅब चालवणाऱ्यांनी आपल्या तंत्रज्ञाला आणि सफाई करणाऱ्या मावशींना आजच विचारावं, तीनही डोस झालेत का. झाले नसतील तर पहिला या आठवड्यात द्यावा, त्यांच्या पगारातून न कापता.